हापशाची सावड

(मुकुंदवाडीच्या प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपण फळ्यावर एक वाक्य वाचलं. ‘जगातील देश एकमेकांना मदत करतात.’ सगळ्यांनी ते नीट वाचलं. मग मागच्या रांगेतल्या एका मावशींनी पाटी खाली ठेवली आणि विचारलं, “गुरुजी, वाचलं खरं. पण त्या देशांचं अन् आपलं काय? आपल्या घागरीत पाणी नाही, ते कोणता देश भरणार?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते हसू टिकलं नाही. मावशींचा प्रश्न खरा होता. म्हणून आज आम्ही त्याचं उत्तर द्यायला उभे आहोत. उत्तर थोडं लांब आहे. सावकाश ऐका.

२०१९ साल आठवा. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. बोअर आटले होते. टँकरचं पाणी विकत घ्यायला सगळ्यांकडे पैसे नव्हते. तेव्हा आपल्या मुकुंदवाडीची लहान लहान मुलं काय करत होती? कळश्या आणि डबे घेऊन मुकुंदवाडी स्टेशनात गाडीत चढत होती. तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनावर उतरून नळावर पाणी भरत होती आणि परतीच्या गाडीनं घरी येत होती. जाऊन येऊन १४ किलोमीटर! नऊ-दहा वर्षांची लेकरं ती. त्यांची चित्रं देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून आली. साऱ्या जगानं मुकुंदवाडीचं नाव वाचलं, ते असं.

पण मंडळी, याच भागाचं नाव जगात आणखी एका गोष्टीनं गेलेलं आहे. ती गोष्ट अभिमानाची आहे आणि तीही पाण्याचीच आहे. आपल्या दारावरून जो रस्ता जातो, त्याला आपण जालना रोड म्हणतो. या रस्त्यानं साठेक किलोमीटर गेलं की जालना लागतं. ती गोष्ट तिथं सुरू झाली.

गोष्ट आहे हापशाची.

हापसा कोणी पाहिला नाही? गावाकडं शाळेजवळ, देवळाजवळ, वस्तीच्या तोंडाशी तो उभा असतो. लांब लोखंडी दांडा. वरखाली केला की पाणी येतं. आपल्याला वाटतं, हापसा म्हणजे सरकारनं बसवलेली एक वस्तू. पण तो बनवायला किती देशांचे हात लागले आहेत, ते आज सांगतो.

आधी एक शब्द आठवू या. तो तुमचाच शब्द आहे, आम्ही शिकवलेला नाही. सावड.

शेतकऱ्याला सावड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्याकडं एक बैल आहे, तुमच्याकडं एक बैल आहे. एका बैलानं नांगर चालत नाही. मग दोघं मिळून जोडी करतात. आज तुमचं रान, उद्या माझं. यात कोणी कोणाला भीक घालत नाही. कोणी कोणाचा मिंधा होत नाही. ज्याच्याजवळ जे आहे ते तो घालतो आणि दोघांचंही काम होतं.

देशादेशांतही सावड असते. ती कधी चांगली जमते, कधी मोडते. हापशाच्या कामात ती जमली.

आता पूर्वीचे दिवस आठवा. गावात पिण्याचं पाणी विहिरीचं. कुठं आड, कुठं पायऱ्यांची बारव. बारवेत लोक पायऱ्या उतरून जात, पाय पाण्यात ठेवून घागर भरत. त्यातून एक रोग पसरे. त्याचं नाव नारू.

इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना नारू माहीत असेल. पायाला फोड येई. आग आग होई. फोड फुटला की आतून दोऱ्यासारखी लांब अळी बाहेर येऊ लागे. ती ओढून काढता येत नसे, कारण तुटली तर पाय सुजे आणि पिके. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी काढायची. आठवडेच्या आठवडे जात. ऐन पेरणीत घरधनी बाजेवर पडून राही. घरात दाणा कुठून येणार?

हा रोग होई कसा? ते समजून घ्या, म्हणजे हापशाची किंमत कळेल. नारू झालेला माणूस आग शमवायला पाय पाण्यात बुडवी. तेव्हा अळी हजारो पिल्लं पाण्यात सोडी. पाण्यात डोळ्याला धड न दिसणारे बारीक किडे असतात. ते ती पिल्लं खात. तेच पाणी माणूस पिई. मग साधारण वर्षानं त्याच्या पायातून नवी अळी निघे. म्हणजे पाय पाण्यात गेला नाही आणि पाणी गाळून प्यायलं, तर हा फेरा तुटतो. जमिनीच्या पोटातलं पाणी नळीतून वर आलं, तर त्यात पाय बुडतच नाही.

पण आपली जमीन कशी आहे? वर थोडी माती, खाली काळा कातळ. पहारीनं, सुरुंगानं विहीर खणायची म्हणजे महिने जात. आणि दुष्काळात पाणी तर खोल खोल जातं. १९६० च्या दशकात दाबलेल्या हवेच्या जोरावर कातळ फोडणारी यंत्रं परदेशातून आपल्याकडं आली. १९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा युनिसेफनं अशी यंत्रं विमानानं आणली. युनिसेफ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मुलांसाठी काम करणारी संस्था. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली ती निघाली. युद्धात होरपळलेल्या मुलांना दूध आणि औषध पुरवायचं हे तिचं पहिलं काम. पुढं तिच्या ध्यानात आलं की आजारी मुलाला औषध द्यावं, पण आजार ज्या पाण्यातून येतो ते पाणी आधी सुधारावं.

असे बोअर पडू लागले. बोअरवर हातपंप बसले. आता सारं ठीक झालं, असं वाटलं ना?

झालं नाही.

ते पंप बिडाचे होते. परदेशातल्या शेतघरांसाठी काढलेल्या जुन्या नमुन्यावरून ते केले होते. तिकडं एका पंपावर एक कुटुंब. दिवसातून दोन-चार बादल्या काढायच्या. इकडं एका पंपावर अख्खी वस्ती! पहाटे चारपासून रांग. त्या पंपांना सांधे फार, खिळी फार. खिळी झिजायची, दांडा डगडगायचा, बीड तडकायचं. १९७० च्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा चारांतले जवळजवळ तीन पंप बंद आढळले. लाखो रुपयांचे बोअर, आणि वर मोडका पंप. बाया पुन्हा घागर घेऊन बारवेवर.

बघा मंडळी, मदत आली होती. यंत्रं आली होती. पण सावड झाली नव्हती. दुसऱ्या देशातली वस्तू जशीच्या तशी आणून उभी केली होती. इथं पाणी किती खोल, माणसं किती, पंपाला हात लावणारा कोण, हे कोणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं जालन्यात. जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं. ती मंडळी बोअर पाडून देत. आपण बसवलेले पंप मोडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी बीड सोडून पोलाद घेतलं, सांधे कमी केले आणि नवा पंप केला. लोक त्याला ‘जालना पंप’ म्हणू लागले. त्याच वाटेनं पुढं जाऊन सोलापूरला स्वीडिश मिशनच्या कामात आणखी मजबूत पंप तयार झाला. तो ‘सोलापूर पंप’. त्याच्या घडणीत एका देशी कारागिराचा हात होता, आणि तो कारागीर कुठल्या कॉलेजात शिकलेला नव्हता, काम करता करता शिकलेला होता. सगळ्यांत टिकाऊ पंप तो ठरला.

हे ध्यानात ठेवा. स्कॉटलंडची माणसं, स्वीडनची माणसं, सोलापूरचा कारागीर आणि मराठवाड्याचा कातळ. नांगराला जोडी अशी जुंपली गेली.

मग भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना एकत्र आल्या. त्यांनी ठरवलं की सोलापूरचा पंप पाया धरायचा आणि त्यावरून साऱ्या देशाला चालेल असा एकच नमुना करायचा. मद्रासच्या यंत्रसंशोधन संस्थेनं आणि रिचर्डसन अँड क्रूडास या सरकारी कारखान्यानं त्यावर काम केलं. नमुने करून कोइमतूरच्या बाजूला खोल बोअरवर बसवले आणि वापरून पाहिले. १९७७-७८ च्या सुमारास हा पंप कारखान्यातून निघू लागला. त्याचं नाव ‘इंडिया मार्क २’. म्हणजे आपला हापसा.

तो टिकतो का, तेही सांगतो. पुढच्या वेळी हापशाच्या डोक्याचं झाकण उघडलेलं दिसलं तर आत डोकावून पाहा. दांड्याच्या टोकाला चाकाच्या पावभागासारखा एक तुकडा आहे. त्यावरून सायकलीसारखी साखळी खाली जाते. साखळीला सळई. दांडा वरखाली झाला, तरी साखळीमुळं सळई सरळच वर जाते, सरळच खाली येते. तिरकी ओढ लागत नाही, म्हणून घासत नाही. दांडा ज्या आसावर फिरतो, तिथं छर्ऱ्यांचे बेअरिंग आहेत. आणि दांडा मुद्दाम जड ठेवला आहे, म्हणजे खोल सोडलेल्या सळयांचं वजन त्यानं तोललं जातं. म्हणून तर दहा वर्षांची पोरगीही हापसू शकते. खाली सिमेंटचा ओटा, म्हणजे सांडलेलं घाण पाणी परत बोअरमध्ये जात नाही. सरकारनं हिशेब धरला की अडीचशे माणसांमागं असा एक हापसा हवा.

आता या गोष्टीतला सगळ्यांत मोठा भाग ऐका.

एवढा चांगला पंप झाला. कोणी म्हणालं असतं, “हा माझा. बनवायचा असेल तर मला पैसे मोजा.” तसं झालं नाही. या पंपाचा नमुना सगळ्यांसाठी खुला ठेवला. ज्याला बनवायचा त्यानं बनवावा. अट एकच. माप ठरलेलंच हवं. १९७९ साली आपल्या देशानं त्याचं प्रमाण माप जाहीर केलं. त्यामुळं एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसतो. खेड्यात हे फार मोलाचं आहे.

आणि मग आपला हापसा परदेशी निघाला. १९८१ ते १९९० ही दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांनी पाण्याचं आणि स्वच्छतेचं दशक म्हणून पाळली. त्या काळात आणि पुढंही आफ्रिकेतल्या देशांत हा पंप गेला. घानात गेला. युगांडात त्यानं तिकडचं नाव घेतलं, ‘यू-२’. आज लाखोंनी असे पंप जगात बसले आहेत. तिकडची एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन हापशावर येते, तेव्हा तिला जालना माहीत नसतं, सोलापूर माहीत नसतं. आपल्यालाही तिचं गाव माहीत नाही. पण तिच्या हातातला दांडा आणि आपल्या हातातला दांडा एकच आहे.

नारूचं काय झालं? आपल्या देशानं १९८३-८४ पासून त्याच्याविरुद्ध मोहीम सुरू केली. नारूवर लस नाही. त्याला मारणारं औषधही नाही. मोहिमेची हत्यारं साधी होती. हापसा बसवा. बारवेच्या पायऱ्या बंद करा. पाणी फडक्यानं गाळून प्या. नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. कार्यकर्ते घरोघर फिरले. भारतातला शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं दाखला दिला की भारत नारूमुक्त झाला. युगांडाला तसा दाखला २००९ साली मिळाला, घानाला २०१५ साली. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख माणसांना नारू होता. २०२४ साली साऱ्या जगात मिळून १५ माणसं आढळली. पस्तीस लाखांवरून पंधरा! एकट्या देशाला हे जमलं नसतं. शेजारच्या देशात नारू राहिला, तर तो माणसाच्या पायानं सीमा ओलांडून येतोच. रोगाला पासपोर्ट लागत नाही.

आता आपल्या वर्गासाठी एक गोष्ट. उत्तर प्रदेशात बांदा नावाचा जिल्हा आहे. तिथंही पाण्याचे हाल. हापसा बिघडला की तालुक्याहून मिस्त्री यायचा, तोवर आठवडे जायचे. १९९० च्या सुमारास तिथल्या गरीब, दलित बायकांना हापसा दुरुस्त करायचं शिक्षण मिळालं. शिकवणारे सरकारी पाणीखात्याचे, मदत युनिसेफची, आणि ज्या महिला समाख्या योजनेतून हे झालं तिला पैसा नेदरलँड्सच्या सरकारचा. लोक म्हणाले, “बायका काय पान्हा धरणार?” त्यांनी पान्हा धरला. पाइप उपसले. वायसर बदलले. पण एक अडचण आली. कोणता पंप कधी दुरुस्त केला, कोणतं सामान लागलं, याची नोंद ठेवायची होती आणि लिहिता येत नव्हतं. मग त्याच बायका म्हणाल्या, “आता आम्हाला अक्षर शिकवा.” पुढं त्यांनी स्वतःचं एक पत्रकही काढलं. आधी पान्हा, मग पाटी. तुमच्यापैकी ज्यांना वाटतं की या वयात अक्षर कशाला, त्यांनी बांद्याच्या बायका आठवाव्या.

तर मावशी, आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. ‘आपल्या घागरीत पाणी कोणता देश भरणार?’

खरं उत्तर आहे, कोणताच नाही.

देशांच्या सावडीनं आपल्याला कातळ फोडायचं यंत्र मिळालं. पंप मिळाला. नारू गेला. पण पंप पाणी वर काढतो, पाणी तयार करत नाही. आपल्या काळ्या कातळात पाणी मावतं तेच थोडं, भेगांमध्ये. पावसानं जेवढं मुरलं तेवढंच. आपण काय केलं? हापशाशेजारी विजेचे बोअर पाडले. शेजाऱ्याचं शंभर फूट, तर माझं दोनशे. त्याचं दोनशे, तर माझं चारशे. हापशाचं पाणी आटलं. ज्याच्याकडं पैसा नाही, त्याच्या लेकराला गाडीत बसावं लागलं. जिथून हापसा जगभर गेला, त्या रस्त्यावरच्या मुलांच्या हाताला पाण्यासाठी रेल्वेचा दांडा धरायची वेळ आली. यात दोष स्कॉटलंडचा नाही, स्वीडनचा नाही.

सावडीत एक नियम असतो. पाहुण्याचा बैल आला म्हणून आपला बैल गोठ्यात बांधून ठेवायचा नसतो. आपला बैल आपणच जुंपायचा.

आपला बैल कोणता? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहा. त्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, याचा गावात बसून हिशेब मांडला आणि त्यावरून पीक ठरवलं. आज परदेशची माणसं ते पाहायला येतात. म्हणजे सावडीत आपलीही पाळी आली, आता आपण दाखवतो आणि ते शिकतात.

आपली मुकुंदवाडी आता शहरात आली. इथं शेत नाही, पण छप्पर आहे. छपरावरचं पावसाचं पाणी गटारात जातं, ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात नेता येतं. बंद हापसा असेल तर महानगरपालिकेकडं अर्ज देता येतो, आणि अर्ज लिहायला आपण इथंच शिकतो आहोत. नळाचं पाणी कधी, किती येणार, हे चौघांनी मिळून विचारता येतं. एकट्यानं विचारलं तर उत्तर मिळत नाही. चाळीस सह्यांच्या अर्जाला मिळतं. अंगठ्यापेक्षा सही बरी.

म्हणून आज घरी जाताना दोन कामं करा. पहिलं. आपल्या गल्लीत किंवा गावाकडं हापसा असेल तर त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. अक्षरं झिजली असतील, तरी बोटानं चाचपून वाचा. दुसरं. तो चालतो की बंद आहे, हे वहीत लिहून आणा. तारीख घाला.

पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या वह्या एकत्र करू. जेवढे बंद हापसे निघतील, तेवढ्यांचा मिळून एक अर्ज लिहू. पहिली ओळ मावशी लिहितील.

आणि फळ्यावर मागच्या आठवड्याचं वाक्य आहे ना, ते पुसू नका. त्याच्या खाली आज एक वाक्य लिहा. ‘आपणही आपला बैल जुंपू.’